डोळे भरण्याचे दिवस

अक्का, दवाखान्यात बोलायला बंदी होती, म्हणून आता बोलते.

सोलापूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात तुला ज्या खोलीत ठेवलं होतं, तिच्या खिडकीला काळं कापड लावलेलं होतं. धनुर्वाताच्या पेशंटला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, नुसतं भांडं पडलं तरी झटका येतो, असं नर्सबाईंनी सांगितलं. मी मोहोळहून मिळेल त्या गाडीनं आले आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर गप्प बसले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला तुझा भाऊ सिद्धप्पा. आत तू, बाहेर आम्ही, आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही. तू जिथं असशील तिथं एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला बसवेना. चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत जायची, परत यायची, परत जायची. एकदा नर्सबाईंनी मला आत घेतलं. तुझी दातखीळ बसलेली, डोळे तेवढे हलत होते. ते माझ्याकडं वळले आणि मला कळलं, तुला काहीतरी सांगायचंय. मलाही सांगायचं होतं. मी ओठ मिटून उभी राहिले आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

काट्यानं गेलीस, अक्का. बोरीच्या काट्यानं. हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही. आपण शेतकी फार्मवर कामाला असताना माझ्या पायाला कुदळ लागली होती तेव्हा मला पाठुंगळी मारून धनुर्वाताची सुई टोचायला कुणी नेलं होतं? मी रडत होते, नको म्हणत होते, आणि तू ओरडत होतीस, "मरायचंय का तुला? गप बस!" आणि स्वतःच्या तळहातात काटा मोडला तर सुईनं कोरून काढलास, हळद दाबलीस, परत झाडाखाली जाऊन बसलीस. जबडा आखडला तर म्हणालीस, दाढ दुखतीय. हे सगळं मला नंतर कळलं. श्रावण होता, बोरीची साल सुटत होती, म्हणजे पात्यानं चिरली की खोडापासून अलगद वेगळी होत होती. कलमाचे डोळे भरायचे हेच दिवस, हे गेले की वर्ष गेलं. तुझं हेच उत्तर असणार, मला माहीत आहे. पण मला ते उत्तर नको आहे. मला तुझ्याशी भांडायचंय.

वळसंगला तुला तुमच्या रीतीप्रमाणं बसवून पुरलं. कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ, मांडी घातलेली. जंगमस्वामी काहीतरी म्हणत होते आणि माझ्या मनात एकच, की ही बाई एका जागी एवढा वेळ कशी बसेल. वर्गात बसली नाही, जेवायला बसली नाही. भाकरी हातावर घेऊन उभ्यानं खायचीस.

आपली गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळानं. सांगोल्याकडं आमची अर्धी मेंढरं चाऱ्यावाचून गेली, उरलेली आबांनी विकली आणि आम्ही खडी फोडायच्या कामावर इकडं आलो. ती कामं बंद झाल्यावर मी सोलापूरबाहेरच्या शेतकी फार्मवर रोजंदारीला लागले. तू तिथं आधीपासूनच होतीस. नवऱ्यानं नांदवलं नाही म्हणून माहेरी वळसंगला आलेली, आणि माहेरी भावाच्या तोंडाकडं बघत बसायचं नाही म्हणून रोज एसटीनं फार्मवर येणारी. मी तुझ्याहून लहान. माझं नाव म्हाळसा, तू पहिल्या दिवशीच त्याचं म्हाळू केलंस.

एक दिवस ऑफिसच्या फळ्यावर कागद लागला. मी सातवी पास, म्हणून बायकांनी मला वाचायला पुढं ढकललं. मजुरांनी रोजचं काम करत, मजुरी घेत, फळबागेचं आणि बियाण्याचं शिक्षण घ्यावं. वर्ष संपल्यावर परीक्षा. पास होईल त्याला प्रमाणपत्र आणि पुढं कायम होण्याची संधी. बाप्यांनी लगेच नावं दिली. तू मला विचारलंस, "त्यात बाप्यांनी असं लिवलंय का?"

"न्हाय. मजुरांनी असं लिवलंय."

"मग आमी कोन, पाव्हणं?"

मुकादम हसला. तू त्याच्याकडं न बघता सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेलीस आणि नाव लिहून दिलंस. साहेब कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बाई, ही सही आहे का वेल काढलाय?"

"कन्नड हाय साहेब. गौरव्वा. उलटं धरलंय तुमी."

तुझी शाळा कन्नड. बोलायला मराठी माझ्यापेक्षा चुरचुरीत, पण लिहायला अक्षर येत नव्हतं. साहेबांना तेव्हा हसू आलं म्हणून आपल्या दोघींची, आणि मागोमाग आणखी काही बायकांची, नावं लागली. नाही तर आज मी कुठं असते? कुणाच्या तरी मेंढरांमागं. हे मी तुला कधी बोलले नाही. तुझ्यासमोर असलं काही बोलायला गेलं की तू म्हणायचीस, "हात चालव, हात."

वर्ग आठवड्यातल्या दोन दुपारी गोदामात भरायचा. पोत्यांवर बसायचं, अब्बासचाचा शिकवायचे. चाचांची सगळी हयात कलमं बांधण्यात गेलेली. पहिल्या पगाराला कळलं की त्या दुपारचे आपले अर्धे खाडे धरलेत. कामावर राहून शिकायचं असं कागदावर होतं, आणि शिकत बसलो तेवढा वेळ कामावर नव्हतो असं हजेरीत! बाप्ये आपसात कुरकुरले आणि बिड्या ओढत निघून गेले. दोघीतिघींनी वर्गाला यायचं सोडलं. त्यांच्या घरी त्या मजुरीवर चूल होती. तू पदर खोचलास आणि साहेबांपुढं जाऊन उभी राहिलीस. मी तुझा पदर मागं ओढत होते, हे तुला आठवत असेल.

साहेब म्हणाले, "वर्गात बसता तेव्हा काम कुठं करता तुम्ही?"

"साहेब, शिकून कुनाच्या झाडाला डोळा भरनार आमी? तुमच्याच की. मग शिकनं बी कामच हाय."

"तसं नियमात नाही, बाई."

"मग गोदामात वर्ग नगं. झाडाखाली घ्या. हात चालू ठिवतो, कान बी चालू ठिवतो. मग तर खाडा न्हाय न्हवं?"

साहेब टोपी काढून डोकं खाजवायला लागले. माणूस वाईट नव्हता. पुढच्या आठवड्यापासून वर्ग बागेत गेला, खाडे बंद झाले, सोडून गेलेल्या बायका परत आल्या. आणि मुकादमानं तुला शेणखताच्या पाट्या वाहायला लावलं, चांगला उन्हाळा संपेपर्यंत. डोक्यावर पाटी घेऊन तू वर्गापाशी थांबायचीस, चाचांची दोन वाक्यं ऐकायचीस, पुढं जायचीस, रिकामी पाटी घेऊन परत यायचीस आणि विचारायचीस, "मधलं काय झालं?" मधलं मी सांगायची. संध्याकाळच्या गाडीची वाट बघत थांब्यावर मी तुला मराठी अक्षरं घोटायला लावायची. तू दगडी पाटीवर क काढायचीस, आणि त्याला कन्नडची गोल शेपटी आपोआप यायची. मी हसले की पाटी माझ्या पाठीत.

डोळे भरायला शिकलो ते पुढच्या पावसाळ्यात. रानबोरीच्या कोवळ्या फांदीची साल चिरायची, गोड बोरीचा एक डोळा सालीसकट अलगद काढून त्यात बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची आणि वाट बघायची. सगळं तुला यायचं, ती वाट बघणं तेवढं यायचं नाही. चौथ्या दिवशीच पट्टी सोडून बघायचीस, धरलाय का. वारा लागून डोळा सुकायचा. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना कोंब फुटले आणि तुझी रांग काळी पडली. चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "हल्लू, बेटी, हल्लू. हात नक्को लगाव. झाड कू झाड का काम करने दे." मग त्यांनी तुला फार्मच्या पार दुसऱ्या टोकाची झाडं दिली, सारखं जाता येऊ नये म्हणून. तू जेवणाच्या सुट्टीत पळत तिकडं जायचीस. शेवटी पट्टीची गाठ एवढी आवळून मारायला लागलीस की तुझी तुलाच सुटायची नाही. तेव्हा कुठं तुझे डोळे जगायला लागले.

परीक्षेच्या महिन्यात आबांनी माझं लग्न ठरवायला काढलं. आमच्यात पोरी अशा वेळी बोलत नाहीत. तू आमच्या पालावर आलीस, आबांच्या समोर घोंगड्यावर बसलीस. "आबा, लगीन पुढल्या साली बी हुतंय. परीक्षा न्हाय." आबा म्हणाले, पाव्हण्यांना शब्द दिलाय. तू म्हणालीस, "पाव्हण्यास्नी मी सांगते, पोरगी सरकारी कामावर हाय, जरा दम धरा. हुंडा तरी कमी मागतील." आबा हसले आणि लग्न पुढं गेलं. अक्का, त्या पाव्हण्यांचा पोरगा माझा नवरा झाला, मोहोळ डेपोत कंडक्टर. दम धरला त्यांनी. तुझं त्यांच्याशीही भांडण व्हायचं, तिकिटावरून.

परीक्षेत मी पास झाले आणि तू नापास. प्रात्यक्षिकात तू पहिली होतीस. लेखी पेपरला निम्म्या उत्तरापर्यंत मराठी लिहिलंस, मग वेळ संपत आली तशी घाई झाली आणि उरलेला सगळा पेपर कन्नडमध्ये लिहून टाकलास. तपासणाऱ्याला वाचता आलं नाही. निकाल ऐकून तू रडशील म्हणून मी जवळ आले, तर तू म्हणालीस, "आवो, कुनाला तरी इचारायचं की मेल्यानं! सोलापुरात कन्नड येनारं मानूस मिळंना व्हय?" मी म्हटलं, मी पण थांबते, पुढल्या वर्षी बरोबर जाऊ. तू मला एवढ्या शिव्या दिल्यास, कन्नडमध्ये, की मी त्याच आठवड्यात मोहोळच्या सरकारी रोपवाटिकेत नोकरीवर हजर झाले. तू आणखी एक वर्ष त्याच मजुरीवर राहिलीस, तेच धडे परत ऐकलेस, आणि पास झालीस. या वेळी साहेबांनीच विचारलं, मोहोळला जागा आहे, जातेस का? कायमची नोकरी.

तू नको म्हणालीस.

इथून आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. फार्मच्या विहिरीवर तू मला म्हणालीस, वळसंगला जाते, सिद्धप्पाच्या रानात बांधावर रानबोरी पडल्यात, त्या गोड करते, डाळिंब लावते. मी म्हटलं, "सातबारा त्याच्या नावावर हाय. उद्या वयनी म्हनली, चालती हो, तर कुटं जाशील? नोकरीतनं तुला कुनी हाकलनार न्हाय."

"रान त्याचं, हात माजं."

"हातानं पोट भरतं, म्हातारपन भरत न्हाय अक्का."

"म्हातारपन लांब हाय म्हाळू."

लांब होतं, खरंच. तू तिथवर गेलीच नाहीस. आता या वादात कोण बरोबर हे कसं ठरवायचं? मला तू म्हातारी झालेली बघायची होतीस, माझ्या दारात आलेली, आणि मला म्हणायचं होतं, बघ, मी सांगत होते. तेवढ्यासाठी तरी जगायचं होतंस.

गेल्या वर्षी वळसंगला आले तेव्हा तुझ्याबरोबर रानात पाच बायका होत्या. तू त्यांना शिकवत होतीस आणि शिकण्याच्या वेळेचीही मजुरी देत होतीस. सिद्धप्पा बांधावर उभा राहून मला म्हणाला, "ताई, तुमी तरी सांगा हिला. काम येत न्हाय त्यास्नी मजुरी कोन देतंय?" तू लांबूनच ओरडलीस, "मला दिली हुती की सरकारनं! तू सरकारपेक्षा गरीब हायस व्हय?" तो पाठ फिरवून चालायला लागला. त्याची बायको मात्र हसून खोपीत शिरली. मला बरं वाटलं. मग त्या पाच जणींना फार्मच्या परीक्षेला बसवायचं तुझ्या डोक्यात आलं. आपण दोघी साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, बाहेरच्या मजुरांना बसवता येत नाही; आणि लगेच म्हणाले, "आता नियमात घाला म्हणू नका." तू म्हणालीस, "म्हनत न्हाय. पन चाचास्नी एकदा वळसंगला धाडा." चाचा आले, तुझ्या बांधावरून दिवसभर हिंडले, आणि साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, वरून परवानगी आली. भाद्रपदात परीक्षा ठरली. आणि श्रावणात तू…

पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या पाचही बायका रानात येऊन उभ्या राहिल्या. काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. त्यातल्या काशव्वानं विचारलं, "ताई, काम हाय का बंद?" सिद्धप्पानं माझ्याकडं बघितलं. मी रजा काढलेली, परत जायच्या तयारीत. माझ्या तोंडून निघालं, "आधी चला." आणि त्या पाच जणींना घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले, धनुर्वाताची सुई द्यायला लावली. रुक्मिणी नको नको करत होती. मी तिच्यावर ओरडले, सगळं गाव बघायला लागलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पहिल्यांदा रडले, अक्का. दवाखान्यात रडले नव्हते, पुरताना रडले नव्हते. बायका दंड चोळत माझ्याभोवती उभ्या.

रजा वाढवली. राहिलेले डोळे भरले. दुपारी झाडाखाली त्यांचं लेखी घेत राहिले. तू त्यांना अर्धं कन्नडमध्ये शिकवलंयस, अर्धं मराठीत, आणि काही गोष्टी नुसत्या हातवाऱ्यांनी, ते निस्तरताना माझा जीव मेटाकुटीला आला. आठवड्याचा बाजार, म्हणजे मजुरी वाटायचा दिवस, आला तेव्हा मला धास्ती होती, आता सिद्धप्पा मजुरी कापणार. तो आला, सगळ्यांना पुरी मजुरी दिली, शिकण्याच्या वेळेची पण. 

परवा परीक्षा झाली. तो आमच्याबरोबर फार्मवर आला. बायका आत गेल्या, मला आत सोडेनात, म्हणून आम्ही दोघं पुन्हा बाहेर, बाकड्याच्या दोन टोकांना. इथं बोलायला बंदी नव्हती. तो म्हणाला, "ताई, काटा मोडलाय म्हनून आक्कानं मला सांगितलंच न्हाय. सांगितलं असतं तर मी उचलून नेली असती की." आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे हलायला लागले. मी त्याला म्हटलं, "मला बी न्हाय सांगितलं, दादा. कुनालाच न्हाय."  मी उठले, चाचांच्या कलमांच्या रांगेपर्यंत जाऊन आले, परत बसले, परत उठले.

मग दार उघडलं आणि पाचही जणी भांडतच बाहेर आल्या. डाळिंबाला बहर धरायच्या आधी पाणी किती दिवस तोडायचं, असा प्रश्न होता. रुक्मिणीनं एकच उत्तर लिहिलेलं. काशव्वा म्हणत होती, काळ्या रानात जास्त तोडायचं, मुरमाड रानात कमी, एकच कसं लिहिलंस तू? रुक्मिणी म्हणाली, प्रश्नात रान कुठलं ते दिलंच नव्हतं. मग विचारायचं होतं की, काशव्वा म्हणाली. निकाल अजून लागलेला नाही. कोण पास, कोण नापास, मला माहीत नाही. स्टँडपर्यंत त्या भांडत होत्या, कन्नडमध्ये आणि मराठीत, मधे सिद्धप्पाही शिरला आणि पाचही जणी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. मला कुणी काही विचारलं नाही.

स्टँडवर मोहोळची गाडी लागली होती. माझी रजा संपली होती, सकाळी रोपवाटिकेत हजर व्हायचं होतं, घरी नवरा वाट बघत होता. वळसंगची गाडी हलली तेव्हा खिडकीतून भांडणाचा आवाज येतच होता. मी पळत जाऊन ती वळसंगचीच गाडी पकडली.

एक दिवस रजा वाढली, एवढंच. नोकरी सोडलेली नाही, आणि आपल्या वादात तू जिंकलीस असंही समजू नकोस. लगेच हसू नकोस, अक्का.